जर्मन वकिलाची बायको

मला जर्मनीबद्दल काही म्हणायचं नाही. देश चांगलाच असेल. पण एकोणिसाव्या शतकात तिथे होऊन गेलेल्या एका वकिलाने माझा दुबईजवळच्या अजमानमधला एक अख्खा हिवाळा खाल्ला. आमच्याकडे वर्षातून तीन-चार महिनेच काय ते खिडक्या उघडता येतात. ते महिने मी पडदा ओढून, कॉम्प्युटरसमोर बसून, त्या माणसाच्या कोर्टकचेऱ्या टाइप करण्यात घालवले. म्हणून मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

हा वकील माझ्या सासऱ्यांचा. नात्याने नव्हे, नादाने. सासरे साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावी चाळीस वर्षं वकिली करत होते. बांधाची भांडणं, वाटण्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, असली दिवाणी कामं. तरुणपणी तिथल्या कोर्टाच्या बाररूममधल्या कपाटात त्यांना कसर लागलेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. कुणा जर्मन वकिलाने म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींचं ते भाषांतर. त्या माणसाला त्याच्या गावाच्या वेशीबाहेर कुणी ओळखत नसावं. त्याने ना कुठला कायदा लिहिला, ना कुठली पार्टी काढली. पण सासऱ्यांना तो आपल्याच बारमधला वाटला, आणि याचं मराठीत चरित्र लिहायचंच, असं त्यांनी ठरवून टाकलं. निवृत्त झाल्यावर लिहू म्हणून ठेवलं. निवृत्त झाले तर सासूबाई गेल्या. त्यांना जाऊन दोन वर्षं होतात न होतात तोच डोळ्यांत काचबिंदू निघाला.

पुण्याच्या डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली टिकवायची, आणि वाचायचं-लिहायचं असेल ते आत्ताच उरकून घ्या, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सासऱ्यांची त्यावर एकच इच्छा होती. पुस्तक छापून हातात यावं आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावं. साताऱ्यातला त्यांचा एक छापखानेवाला मित्र छापायला तयार होता, पण पूर्ण हस्तलिखित दिलं तरच. अर्धंमुर्धं घेणार नाही म्हणाला. आता स्वतःचं अक्षर दिसत नाही तर पूर्ण करणार कोण? तर सांगायचं सासऱ्यांनी आणि टाइप करायचं मी. हे ठरवलं माझ्या नवऱ्याने. फोनवर. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत असताना. "अगं, बाबा येतायत डिसेंबरात, तुला दुपारी वेळ असतोच ना," म्हणाला. असतोच.

मी सकाळी एका शाळेच्या ऑफिसात कामाला होते. नवरा उजाडायच्या आत दुबईला निघायचा, तो रात्री ट्रॅफिकमधून चिडून परत. दुपारी लेक शाळेतून येईपर्यंत दीड-दोन तास मला पाठ टेकायला मिळायचे, तेवढंच काय ते सुख. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तशातली गत. व्याही, म्हणजे माझे वडील, बिचारे पुण्यात शांत बसले होते. माझं घोडं जर्मनीहून आलं होतं.

कॉम्प्युटर नवऱ्याच्या ऑफिसने टाकून दिलेला. मराठी फॉन्ट पुण्याहून कुणाच्या तरी हाती फ्लॉपीवर मागवलेला. कीबोर्डवर मी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, कारण इंग्रजी अक्षराखाली कुठलं मराठी अक्षर दडलंय ते देवालाच माहीत. 'न्यायाधीश' लिहायला चार वेगवेगळ्या बोटांची कवायत. आणि सासऱ्यांच्या पुस्तकात ओळीआड न्यायाधीश. मी एकदा म्हटलं, "बाबा, नुसतं 'जज्ज' लिहू का?" ते म्हणाले, "सूनबाई, ग्रंथाची भाषा असते." मग काय, आलिया भोगासी.

सासरे वेताच्या खुर्चीत ताठ बसायचे, डोळे मिटायचे आणि सुरू व्हायचे. घरात लुंगी-बनियन, पण आवाज कोर्टातला. आणि सगळं पाठ. पुस्तक पिशवीत असायचं, पण उघडायची गरज पडत नसे. चाळीस वर्षं वाचलेलं होतं ते.

तर तो वकील. त्याचं नाव इथे देत नाही. सासरे ते नाव तीन तऱ्हांनी उच्चारायचे आणि तिन्ही चूक असणार, याची मला खात्री आहे. नदीकाठच्या छोट्या गावातल्या खोगीर शिवणाऱ्याचा हा मुलगा. गावातल्या पाद्र्याने हुशारी हेरली, कुठूनतरी विद्यार्थीवेतन मिळवून दिलं, आणि पोरगं कायदा शिकायला गेलं. तिथे विद्यार्थ्यांनी तलवारीने एकमेकांचे गाल कापून घ्यायची पद्धत होती म्हणे, मर्दुमकी म्हणून. यानेही एक व्रण मिळवला. सासऱ्यांनी त्या व्रणाला दीड पान दिलं. मी म्हटलं, "बाबा, गाल कापला, एवढं पुरे नाही का?" तर म्हणाले, "तो व्रण पुढे साक्षीदारांवर काम करायचा." बरं.

मग परीक्षा. मग सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षं बिनपगारी उमेदवारी. मग शतकाच्या मध्याला तिकडे बंडाळी झाली. लोकांना छापायचं स्वातंत्र्य हवं होतं, निवाड्याला पंच हवे होते. आमच्या माणसाने गावकऱ्यांचा अर्ज लिहून दिला. बंड मोडलं आणि अर्ज लिहिणाऱ्याची सनद गेली. कित्येक वर्षं त्याने एका धान्यव्यापाऱ्याकडे कारकुनी केली. माफीच्या दोन ओळी लिहून दिल्या असत्या तर सनद परत मिळाली असती, पण दिल्या नाहीत. इथे सासऱ्यांचा आवाज घोगरा व्हायचा. मला मात्र पहिला प्रश्न पडला की, त्या वर्षांत घरात चूल कशावर पेटली?

"घरात कोण कोण होतं त्याच्या?" मी विचारलं.

"बायको, चार मुलं."

"मग बाई काय म्हणाली? माफी मागा म्हणाली की नका मागू म्हणाली?"

सासऱ्यांनी डोळे उघडले. "त्याची नोंद नाही."

हे 'नोंद नाही' मी त्या हिवाळ्यात किती वेळा ऐकलं असेल. त्याने कोर्टात कुठल्या रंगाचा डगला घातला होता, त्याची नोंद. गिरणीच्या बंधाऱ्याच्या खटल्यात किती तारखा पडल्या, त्याची नोंद. त्या काळी तिकडे गावागणिक कायदा वेगळा. नदीच्या या काठाला बापाची जमीन थोरल्याला जायची आणि त्या काठाला सगळ्यांत वाटली जायची, मग नदीच्या मधल्या बेटाचं काय, यावर अख्खं प्रकरण. ते सांगताना सासरे इतके रंगायचे की मला खरंच बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण बायको? बायकोचा मूळ पुस्तकात एकदाच उल्लेख. त्या वर्षी त्याने लग्न केलं आणि बंधाऱ्याचा खटला पुढे ढकलला गेला, एवढं, एकाच वाक्यात. वर सासरे म्हणायचे, "बघ, किती संयमी लेखन आहे."

सनद परत मिळाल्यावर म्हातारा होईपर्यंत त्याने जंगलाचे खटले चालवले. गरीब लोक जंगलात पडलेल्या काटक्या गोळा करायचे, त्याला सरकार चोरी म्हणायचं. हा त्यांच्या बाजूने उभा राहायचा आणि हरायचा. पुन्हा उभा राहायचा, पुन्हा हरायचा. न्यायाधीश व्हायची त्याची इच्छा होती, पण जुना अर्ज आडवा आला. शतकाच्या शेवटी सगळ्या देशाला एकच कायदा आला तेव्हा तो इतका थकला होता की, नवा ग्रंथ उशाला ठेवून झोपायचा, वाचवत नव्हता.

आमची लेक तेव्हा पाचवीत होती. ती एकदा खाऊ खात ऐकत बसली आणि म्हणाली, "बट आजोबा, डिड ही विन?"

"बहुतेक हरलाच गं," आजोबा म्हणाले.

"देन व्हाय इज देअर अ बुक?"

सासऱ्यांनी तिला मराठीत उत्तर दिलं. ते चांगलं दहा मिनिटं चाललं. ती केव्हाच खेळायला गेली होती, हे त्यांना दिसलं नाही. बाजूचं दिसेनासंच झालं होतं. समोर एवढासा गोल उरला होता, त्यातून ते जग बघायचे. मी थेंब घालायला गेले की मान वर करायचे आणि विचारायचे, "किती झालं?" म्हणजे पुस्तक. एकदा त्यांनी चहा कपाच्या शेजारी ओतला, आणि टेबल भिजलं तरी ओतत राहिले. मी फडकं घेऊन धावले. रागावले आणि रागावल्याचं मलाच वाईट वाटलं, मग वाईट वाटायला लावतात म्हणून परत राग आला. माणसाने चिडायचं तरी कुणावर?

संध्याकाळी ते बिल्डिंगच्या गेटपाशी खुर्ची टाकून बसायचे. आमचा घरमालक मागच्याच घरात राहायचा. सत्तरीचा अरब, तरुणपणी गलबतांबरोबर मुंबईला जाऊन येऊन राहिलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा, मुंबईच्या बंदरावरची. तो कावा, म्हणजे अरबी कॉफी, भरलेला थर्मास आणि खजूर घेऊन शेजारी बसायला लागला. मला हायसं वाटलं. दोन म्हातारे, दोघांनाही वेळ, बोलोत बापडे.

"तुमच्या घरमालकाची मोठी केस आहे," एक दिवस सासरे उत्साहाने म्हणाले. "गाडीची. जर्मन गाडी आहे, गिअर पडत नाही. त्याचा वकील त्याचं ऐकत नाही म्हणे. मी म्हटलं, पंधरा दिवसांची मुदत दे, उत्तर आलंच पाहिजे."

मी कणीक मळत होते. निवृत्त माणसाला अशील मिळालं, यापलीकडे मी लक्ष दिलं नाही.

पंधरा-वीस दिवसांनी दारावर थाप. घरमालक. अंगात पांढरीशुभ्र पायघोळ कंदुरा, हातात माळ, आणि चेहरा पडलेला. सलामआलेकुम झालं, तब्येती विचारून झाल्या. मग म्हणाला, "बाबा किधर? जर्मनी से गेर का पीस नहीं आया."

"कौनसा पीस?"

"मेरा गाड़ी का. बाबा बोला, पंद्रह दिन. खलास, पंद्रह दिन हो गया."

मी म्हटलं, "पण बाबा कुठून आणणार पीस?"

तो माझ्याकडे लहान पोरीकडे बघावं तसा बघायला लागला. "बाबा वकील है ना? खुद बोला, मैं वकील. जर्मन वकील का काम करता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. नऊ वर्षं मी त्या मुलखात राहत होते. गाडी बिघडली की सगळे म्हणतात, 'वकाला'त ने, म्हणजे त्या कंपनीच्या एजन्सीत ने. एजन्सीवाला म्हणजे वकील. आपला वकील, काळ्या कोटातला, त्याला तिकडे मुहामी म्हणतात. दोन्ही शब्द मला ठाऊक होते, पण ते एकमेकांना कधी भेटले नव्हते. सासऱ्यांनी आल्या आल्या छाती पुढे काढून सांगितलं होतं, मैं वकील हूँ, आजकल एक जर्मन वकील पर काम चल रहा है. त्या बिचाऱ्याला वाटलं, अल्लाने जर्मन मोटारीचा एजंट थेट आपल्या भाडेकरूच्या घरी पाठवला. आणि महिनाभर हे दोघं गेटपाशी बसून, काव्यावर कावा पीत, एक गिअरबद्दल बोलत होता आणि दुसरा नोटिशीबद्दल.

सासरे बाहेर आले. मी घाईघाईने म्हटलं, "बाबा वकील नहीं. मुहामी है, मुहामी."

"वकील नाही?" सासरे खवळले. "चाळीस वर्षं सनद आहे माझी!"

मग दोघांना समजावताना माझे नाकी नऊ आले. घरमालकाला कळलं तेव्हा तो तिथेच भिंतीला टेकून हसायला लागला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सासरे हसले नाहीत. त्यांना तो शब्द लागला होता. "मग इथे वकील म्हणजे नेमकं काय?" त्यांनी विचारलं.

घरमालक डोळे पुसत म्हणाला, "जो दूसरे के बदले में बोलता. वो आदमी इधर नहीं है ना, तो उसका वकील बोलता."

सासरे मान हलवत आत आले. संध्याकाळभर पुटपुटत होते. "खरंच आहे. पेशव्यांचा वकील दिल्लीला असायचा, तो काय दावे चालवायचा? धन्याच्या वतीने बोलायचा. मूळ अर्थ तोच. आपणच विसरलो." मग म्हणाले, "म्हणजे मी या जर्मनाचा खराखुरा वकील झालो की गं. तो नाही, मी बोलतोय." फार खूश झाले. मला मात्र मालकाची समजूत काढायला दुसऱ्या दिवशी डबाभर नारळाच्या वड्या द्याव्या लागल्या. शब्दाची व्युत्पत्ती यांची आणि नारळ खवणार मी.

फेब्रुवारीत व्हिसा संपत आला. सगळी प्रकरणं झाली होती, एक सोडून. 'कौटुंबिक जीवन'. हे प्रकरण असलंच पाहिजे, असं छापखानेवाल्या मित्राचं म्हणणं, कारण मराठी चरित्रात ते असतंच. सासऱ्यांनी ते आज-उद्या करत शेवटावर ढकललं होतं. आता तेवढ्यासाठी सगळं अडलं. तपासायला म्हणून मी मोठ्या टाइपात छापलेली पानं त्यांना द्यायचे. आधी ती ते हातभर अंतरावर धरून वाचायचे. आता तिरकी धरायचे, मान वळवायचे, ओळीचा शेवट सापडायचा पण पुढच्या ओळीची सुरुवात हरवायची. मला ते दिसत होतं. त्यांनाही दिसत होतंच, तेवढं दिसायला डोळे लागत नाहीत.

"लिही," ते म्हणाले. "त्याची पत्नी गृहकृत्यदक्ष आणि सोशिक होती."

मी लिहिलं. मग थांबले. मग पुसून टाकलं.

"काय झालं?"

"बाबा, हे वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक चरित्रात आहे. त्याच्या बायकोचं नाही हे. कुणाच्याच बायकोचं नाही."

"मूळ ग्रंथात एकच वाक्य आहे. मी कुठून आणू?"

"काटक्या गोळा करणाऱ्या लोकांच्या वतीने तो बोलला, त्याच्या वतीने तुम्ही बोलताय. मग तिच्या वतीने कोण बोलणार? तिने बिनपगारी वर्षं काढली, कारकुनीची वर्षं काढली. तो रोज हरून घरी यायचा तेव्हा दार कोण उघडायचं? एकदा तरी त्याने मागे वळून पाहिलं का?"

मी जरा जास्तच बोलले. पण बोलले ते बोलले, आणि खरं सांगायचं तर ते सगळं त्या जर्मनासाठी नव्हतं. सासरे उठले, भिंतीला हात लावत लावत खोलीत गेले. त्यानंतर तीन-चार दुपारी मला पाठ टेकायला मिळाली. झोप एकदाही लागली नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तू त्यांच्याशी वाद कशाला घालतेस, एका पानाचा तर प्रश्न आहे." मी दिवा घालवला. वडिलांवरच गेलाय.

पाचव्या दिवशी ते आपणहून येऊन वेताच्या खुर्चीत बसले. डोळे उघडे होते.

"तू दोन वर्षं होतीस ना तिच्याजवळ," ते म्हणाले. "लग्नानंतर."

ती म्हणजे सासूबाई. नवऱ्याला फॅमिली व्हिसा मिळेपर्यंत मी गावी सासू-सासऱ्यांपाशी राहिले होते.

"होते."

"ती माझ्या कामाबद्दल कधी काही बोलायची का गं? कोर्टाबद्दल? मी आठवून बघतोय, मला काही... ती मला कधी विचारायची नाही. मीही सांगायचो नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, म्हणायचो मी तिला. गमतीने."

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले. सांगावं की नाही, कळेना. सासूबाईंनी मला हे एकदाच सांगितलं होतं, दुपारी शेंगा सोलताना, आणि सांगून झाल्यावर म्हणाल्या होत्या की, त्यांना नको बोलूस. पण त्या आता नव्हत्या. आणि हे समोर बसलेले, त्यांच्यापाशी फार दिवस उरले नव्हते.

"त्या एकदा कोर्टात आल्या होत्या, बाबा," मी म्हटलं.

"कोण?"

"सासूबाई. तुमचा मुलगा शाळेत होता तेव्हाची गोष्ट. तुम्ही कोर्टात कसे दिसता, कसे बोलता, ते त्यांना बघायचं होतं. इतकी वर्षं तो कोट त्या स्वतः इस्त्री करत होत्या, पण तुम्हाला त्यात उभं राहून बोलताना कधी बघितलं नव्हतं. तुम्ही नेलं नसतं म्हणून एकट्याच आल्या. दारात बायकांच्या घोळक्यात उभ्या राहिल्या, डोक्यावरून पदर घेऊन. जज्जसाहेब तुम्हाला बोलत होते. सगळ्यांसमोर. काहीतरी कागद दाखल करायचा राहिला होता म्हणून. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात."

"मग?" सासरे म्हणाले.

"त्या तिथून तशाच निघून आल्या. घरी आल्या आणि तुम्ही यायच्या आत शिरा केला. साजूक तुपातला, बेदाणे घालून. तुम्ही आलात, ताट बघितलंत आणि विचारलंत, आज काय आहे? त्या म्हणाल्या, काही नाही, सहज."

आमच्या खिडकीखाली कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. बराच वेळ ते चाललं. लेक शाळेतून आली, दप्तर टाकलं, आमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता आतल्या खोलीत गेली.

"विहिरीचा दावा होता तो," सासरे म्हणाले. "बाईमाणूस होतं अशील. माझ्या चुकीने हरली." मग म्हणाले, "मला आठवतोय तो दिवस. ताट आठवतंय."

मला रडू येत होतं आणि ते मला नको होतं. म्हणून मी नाक ओढून कामाचा आवाज काढला आणि म्हटलं, "प्रकरणाचं काय करायचं? तुमचं बुधवारी विमान आहे."

"लिही," ते म्हणाले. डोळे मिटले. पण आवाज कोर्टातला नव्हता, घरातला होता. "एके दिवशी त्याची बायको त्याला न सांगता कोर्टात आली. ती दारात उभी राहिली. त्या दिवशी तो हरत होता."

मी लिहिलं. पुढचंही लिहिलं, ते सांगतील तसं. ती घरी परत जाते तिथवर आले आणि थांबले.

"बाबा, जर्मन घरात शिरा कसा लिहू? लोक हसतील. तिकडचं काहीतरी गोड असेल ना, केक वगैरे."

"शिराच लिही."

"मूळ ग्रंथात याची नोंद—"

"शिराच लिही, सूनबाई," ते म्हणाले. "आणि पुढे लिही की, त्याने ताट बाजूला सरकवलं. त्याने तो खाल्ला नाही."